सहावा रकाना

नाकावर राग असलेल्या माणसानं खरं तर रजिस्टर भरायचं काम घेऊ नये. मी घेतलं, कारण तेव्हा लॅब टेक्निशियनची दुसरी नोकरी मिळत नव्हती, आणि नाशिक रोडला घरी बसून वडलांची बोलणी खाण्यापेक्षा कुठलंही काम बरं होतं. वडील नोटांच्या छापखान्यात होते. तिथं एक कागद इकडचा तिकडे झाला तर सापडेपर्यंत कुणाला घरी सोडत नाहीत, हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. मी मनात म्हणायची, आमच्याकडे बाबा तसलं काही नाही, आमच्याकडे नुसतं रक्त.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शहरात रक्ताच्या आजारांवर एक संशोधन चाललं होतं. नाशिकच्या आसपासच्या कुठल्या समाजात कुठला रक्तदोष पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, ते शोधायचं. आमच्या मुख्य डॉक्टर म्हणजे मॅडम. त्यांच्याबरोबर आम्ही तिघं-चौघं जीपमधून गावोगावी जायचो, देवळाच्या सभामंडपात टेबल मांडायचो आणि लोकांच्या हातातून रक्त काढायचो. रजिस्टरमध्ये बारा रकाने होते. नाव, वय, जात, पोटजात, मूळ गाव, असं. म्हाताऱ्यांना मूळ गावाचा रकाना भारी आवडायचा. आमचे पणजोबा चांदवडकडून आले, त्याआधी खानदेशातून, बरोबर दोन बैल होते, त्यातला एक वाटेत गेला, इथपर्यंत गाडी पोचायची. मी पेन आपटून म्हणायची, "बाबा, बैलाचं रक्त नाही घ्यायचं, पुढे बोला."

सहावा रकाना होता जोडीदाराच्या नावाचा. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाकी काही चुकलं तरी चालेल, हा चुकायला नको. थॅलेसेमिया नावाचा जो दोष आम्ही शोधत होतो, तो नवरा-बायकोपैकी एकाच्याच रक्तात सौम्य असला तर काही बिघडत नाही. माणूस आयुष्य काढतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण दोघांच्याही रक्तात असला, तर दर बाळंतपणात चारात एक अशी भीती, की मूल आजार घेऊन येणार आणि जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगणार. अशी मुलं मी आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात रोज बघत होते. नांदगावहून एक पाच वर्षांची मुलगी दर तीन आठवड्यांनी यायची. आल्या आल्या स्वतःच हात पुढे करून सांगायची, "आज डावा." ते ऐकलं की मला जेवण जायचं नाही.

तर एका दुपारी आम्ही शहराबाहेर फुलांच्या मळ्यांच्या वस्तीवर गेलो. गुलाब आणि झेंडू पहाटे बाजारात जातो, त्यामुळे माणसं दुपारनंतरच मोकळी. पुरुषांची रांग माझ्या सहकाऱ्याकडे, बायकांची माझ्याकडे. जोड्या बायकांच्या रजिस्टरवरून लावायच्या, म्हणजे पुरुषांना बायकोचं नाव विचारायला नको, असं आम्हीच ठरवलेलं. तेवढंच काम कमी.

आता गंमत अशी, की बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मंगळागौरीला, लग्नात, ओळी जुळवून घेतील, पण टेबलासमोर उभं राहून सरळ विचारलं की हसून खाली बघणार. एरवी मागची बाई पुढे होऊन सांगायची, "हिचा ना, अमक्याचा धाकटा," आणि काम पुढे सरकायचं. त्या दिवशी मात्र एक मुलगी आली, तिच्या मागं तिच्या घरातलं कुणीच नव्हतं. एकवीस-बावीसची असेल. दोन महिन्यांची गरोदर होती. पहिलं पोटातच गेलं होतं, हे तिनं न विचारता सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "रक्त काढून ह्याला काय व्हनार नाय ना, ताई?" मी म्हटलं, काही होत नाही. नवऱ्याचं नाव विचारलं, पुन्हा विचारलं.

"अगं, सांग की. मागे रांग बघ."

"नाय घेत आमच्यात."

माझं डोकं फिरलं. सकाळपासूनची ती विसावी असेल. म्हटलं, रेशनकार्ड आण. ती धावत जाऊन घेऊन आली. एकत्र कुटुंब. सासरे, सासू, आणि खाली नात्याच्या रकान्यात मुलगा, मुलगा, सून, सून. कोण कुणाची, ते कार्ड कशाला सांगतंय? मी एका मुलाच्या नावावर बोट ठेवलं. "हे का?"

तिनं बघितलं, पदर कपाळावर ओढला आणि मान खाली घातली. मी म्हटलं, लाजली बाई एकदाची. लिहून टाकलं. संध्याकाळी पुरुषांच्या रजिस्टरमधून त्या नावाचा नंबर शोधून तिच्या नंबरापुढे जोडला आणि सही ठोकली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट हातात आले. तिच्या रक्तात दोष होता. तिच्या नंबरापुढे मी जोडलेल्या नंबराच्याही रक्तात होता. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कितवा महिना सांगितला होता हिनं?"

निरोप घेऊन मीच गेले. आमच्या चिठ्ठीवर नाव नसायचं, फक्त नंबर, म्हणजे गावात बोभाटा नको. अंगणात झेंडूचा ढीग पडला होता आणि सासू-सून देठ खुडत बसल्या होत्या. मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, की हिच्या आणि हिच्या नवऱ्याच्या, दोघांच्याही रक्तात सारखाच दोष निघालाय, बाळाला आहे का ते मुंबईला तपासून कळेल, पण येत्या दोन आठवड्यांत जायला हवं. सासूनं हातातलं फूल खाली ठेवलं. "आन् निघाला तर?" मग तीच म्हणाली, "म्हंजे पाडायचं?" त्या मुलीनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तशीच बसून राहिली. मी जीपमध्ये बसून रडले. ड्रायव्हरनं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

पुढचे आठ दिवस मला झोप नव्हती. रोज वाटायचं, हिचं हे दुसरंही जाणार, आणि निरोप्या कोण, तर मी.

मुंबईला बाळाची तपासणी करायच्या आधी आईबापांचं रक्त पाठवावं लागायचं. त्यासाठी ती दोघं फुलांच्या टेम्पोतून सकाळी आमच्याकडे आली. तो पोरगेलासाच होता, अंगाला गुलाबाचा वास, बोटांना काट्यांचे ओरखडे. ती सुकून गेली होती. आधी मी तिचं रक्त घेतलं, मग त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि नळीवर लिहायला म्हणून सवयीनं विचारलं, "नाव?"

त्यानं सांगितलं.

मी नळीवर लिहिलं, आणि मग रजिस्टरकडे बघितलं. सहाव्या रकान्यात ते नाव नव्हतं.

"मग हे कोण?" मी रजिस्टरमधलं नाव वाचून दाखवलं.

"दादा. थोरले." तो सहज म्हणाला.

मी तिच्याकडे बघितलं. थोरल्या दिराचं नाव ऐकून तिनं आत्ताही पदर कपाळावर ओढला होता आणि मान खाली घातली होती. अगदी तसंच, जसं त्या दिवशी. अहो, ती लाजली नव्हती. थोरल्या दिराचं नाव समोर आलं म्हणून मान राखत होती. मी पट्टा त्याच्या दंडाला तसाच ठेवून आतल्या खोलीत पळाले. तो मागून ओरडला, "ताई, हाताला मुंग्या आल्या," तेव्हा परत येऊन सोडला.

पुरुषांचं रजिस्टर काढलं. त्याचं नाव होतं. माझ्या सहकाऱ्याच्या गिचमिड अक्षरात, थोरल्याच्या खाली तीन ओळी सोडून. नंबर होता. त्या नंबराचा रिपोर्ट फायलीत होता, कुठल्याच बायकोला न जोडलेला, एकटा. मी तो दोनदा वाचला, मग खिडकीपाशी नेऊन तिसऱ्यांदा वाचला. रक्त स्वच्छ होतं.

मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं, बोट, पदर, सही. वाटलं, आज नोकरी गेली. खरं सांगते, गेली असती तरी चाललं असतं, इतकं हलकं वाटत होतं. "त्याचं रक्त पुन्हा तपासायला लाव," मॅडम म्हणाल्या. "जुन्या कागदावर मी आता विश्वास ठेवणार नाही. आणि झाल्यावर त्यांना तूच सांगायचं."

त्याचं रक्त घेतलं आणि त्या दोघांना बाकावर बसवून ठेवलं. नक्की काय चाललंय ते सांगितलं नाही, नुसतं थांबा म्हटलं. ती चार वेळा उठून दारापर्यंत आली आणि परत गेली. तपासणी संध्याकाळी चारला संपली. स्वच्छ. मॅडमनी स्वतः बघितली आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि रजिस्टर छातीशी धरून बाहेर आले.

मी दोघांसमोर सरळ सांगितलं. "चूक माझी आहे. तुझ्या नवऱ्याच्या जागी मी थोरल्यांचं नाव लिहिलं. दोष त्यांच्या रक्तात आहे, ह्यांच्या नाही. तुझ्या बाळाला तो मोठा आजार होणार नाही. मुंबईला जायचं नाही."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो बाकावर मागं टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं विचारलं, "दादांना काय व्हनार?" मी म्हटलं, त्यांना स्वतःला काही होत नसतं. फक्त वहिनींचं रक्त एकदा बघायला हवं, शिबिराच्या दिवशी त्या माहेरी होत्या. (पुढच्याच आठवड्यात बघितलं. त्यांचंही स्वच्छ निघालं.) मग ती रडली. किती तरी वेळ रडली. मीही रडले. बाकावरच्या बाकीच्या पेशंटांना वाटलं असणार, कुणीतरी गेलं.

मी वाट बघत होते की ती मला बोलेल. आठ दिवस तिला जिवंतपणी मारलं होतं मी, चार शिव्या तर हक्काच्या होत्या. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दावा बरं, कुटं लिवलंय."

मी सहावा रकाना दाखवला. थोरल्यांच्या नावावर लाल रेघ मारली. तिनं हात पुढे केला आणि माझ्या बोटांतलं पेन काढून घेतलं. रजिस्टर मांडीवर घेऊन, जीभ ओठांत धरून, तिनं त्या रेघेच्या वरती नवऱ्याचं नाव लिहिलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. शाळेतलं गोल, टपोरं अक्षर, वेलांट्या जागच्या जागी. माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं.

"तू शिकलेली आहेस?" मी विचारलं.

"सातवी," ती म्हणाली. "तवाच प्येन दिलं आसतं, तर तवाच लिवलं आसतं की, ताई. घेत नाय म्हनले व्हते, लिवत नाय कुटं म्हनले?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती मात्र हसत होती. नवराही हसायला लागला. आठ दिवसांनी पहिल्यांदाच हसली असतील दोघं.

पुढच्या वर्षी ती मुलीला घेऊन तपासायला आली. चांगली गुटगुटीत, सुई दिसल्याबरोबर मजला डोक्यावर घेणारी. तिच्यात दोष सौम्य निघाला, आईसारखाच, काळजी करायचं कारण नव्हतं. पण ते नंतर. आल्या आल्या मी काही विचारलं नाही. रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि वर पेन ठेवलं. तिनं मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि बापाच्या नावापासून लिहायला सुरुवात केली.