मला चालणार नाही म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगलला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. मी ओझरला एका कारखान्यात फिटर होतो. दोन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला, आणि त्या बाळंतपणात माझी बायको, मंगल, जवळजवळ गेलीच होती. रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हिच्या अंगात आता काही उरलेलं नाही. मूल नको असेल तर ऑपरेशन तुम्ही करून घ्या. पुरुषाचं सोपं असतं, त्याच दिवशी चालत घरी जाल." मी लगेच हो म्हणालो. मंगलला कळलं तेव्हा तिला ते खरंच वाटेना. आमच्या नात्यागोत्यात असं कुणा पुरुषानं केलं नव्हतं.

ठरल्या दिवशी रजा टाकली, एसटीनं नाशिकला गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचलो — आत पाऊल टाकलं नाही. कशाची भीती होती? लोक म्हणायचे, नसबंदी केलेला माणूस कामातून जातो. मला ते खरं वाटत होतं का? नव्हतं. तरी वळलो. स्टँडजवळ मिसळ खाल्ली, पाव दोनदा मागितला, आणि चारच्या गाडीनं परत आलो.

"डॉक्टरांनी तपासलं," मी घरी सांगितलं. "बीपी फार आहे. मला चालणार नाही म्हणाले."

ती घाबरली — माझ्यासाठी. "असू द्या. मी करून घेते. तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

मी अडवलं नाही. थंडीत शिबिर लागलं, तिथं तिनं ऑपरेशन करून घेतलं. टाका पिकला. महिनाभर ताप. धाकट्याला पाजताना ती ओठ चावायची. जखम भरली, पण ओटीपोटातलं दुखणं राहिलंच. पाण्याचा हंडा उचलला की भिंतीला धरून उभी राहायची. आणि मी काय करायचो? तिच्यावरच खेकसायचो — सारखं काय कण्हतेस म्हणून. राग माझा मला यायचा, निघायचा तिच्यावर. ती मात्र माझ्यासाठी वेगळी अळणी भाजी टाकायची. बारा-तेरा वर्षं. मी मुकाट्यानं गिळायचो.

थोरलीच्या लग्नानंतर मंगलचं दुखणं वाढलं, म्हणून तिला नव्या डॉक्टरांकडे नेलं. ती म्हणाली, "आधी ह्यांचं बीपी बघा." त्यांनी पट्टा बांधला.

"काका, अगदी नॉर्मल आहे. गोळी कुठली घेता?"

"गोळी नाही," मंगल म्हणाली. "मीठच बंद केलंय मी यांचं." कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता. "बघा, मी म्हणत नव्हते?"

मी मान डोलावली. म्हणालो, "तुझ्यामुळेच."

खोलीत आम्ही तिघंच होतो. एका वाक्याचं काम होतं — नाही केलं. तिचे कागद पिशवीत भरले आणि रिक्षा बघायला बाहेर आलो.

मंगलला वाटतं, माझा जीव सांभाळायला तिनं पोट कापून घेतलं. माझ्या जिवाला काहीच झालेलं नव्हतं. मी भ्यायलो होतो, आणि खोटं बोललो.