दुसरा प्रश्न

निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं एलिएसेर सांतियागो शहराच्या बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. गाड्या कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे त्याचं खरं काम गाड्या सोडण्याचं नव्हतं, प्रतीक्षा यादी सांभाळण्याचं होतं. त्या यादीतलं नाव त्याने कधी वर सरकवलं नाही आणि खालीही ढकललं नाही. एकदा त्याची सासूच एकोणिसाव्या नंबरवर होती. गाडीत जागा होत्या सतरा. सासू नातवाच्या बाप्तिस्म्याला पोचली ती दुसऱ्या दिवशी, केक संपल्यावर. त्याची बायको मिग्दालिया ही गोष्ट चाळीस वर्षं सांगत आली होती, आणि दर वेळी केक थोडा मोठा होत होता.

निवृत्त झाल्यावर एलिएसेरकडे रांगा आल्या. पावाची, अंड्यांची, रॉकेलची, साबणाची. त्याच्या गल्लीत कुणीही एकामागे एक उभं राहत नाही. उन्हात उभं राहायला वेळ कुणाला आहे? येणाऱ्याने हाक द्यायची, “शेवटचं कोण?” सावलीतून कुणीतरी हात वर करतं. मग येणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारायचा, “आणि तू कुणाच्या मागे?” ही दोन उत्तरं मिळाली की माणूस मोकळा. घरी जावं, भात टाकावा, दोन डाव डॉमिनो खेळावं. दुकान उघडलं की माणसं एकमेकांना शोधून बरोबर जागेवर येतात. दुसरा प्रश्न अशासाठी, की पुढचा माणूस कंटाळून निघून गेला तरी आपला धागा तुटू नये.

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण एलिएसेर ते पाळायला लावत असे. मग शहरावर मोठं वादळ आलं. त्यानंतरच्या नवव्या दिवशी पावाच्या रांगेत नोएमी आली, दवाखान्यातली नर्स, रात्रपाळी करून. ती एका निळ्या टोपीवाल्याच्या मागे होती आणि टोपीवाला गायब होता.

“तो कुणाच्या मागे होता?” एलिएसेरने विचारलं.

“मला काय माहीत? डोळे उघडे राहत नव्हते माझे.”

“मग शेवटी जा, पोरी.”

“कोंपाय, मी रात्रभर उभी होते!” कोंपाय म्हणजे दादा; गल्लीत त्याला सगळे असंच म्हणत.

“इथे नव्हतीस.”

लोक हसले. नोएमी शेवटी गेली आणि पाव तिच्यापर्यंत पोचला नाही. एलिएसेर पाव घेऊन घरी आला. त्याला वाईट वाटलं नाही. जे योग्य होतं तेच झालं होतं.

घरी मिग्दालिया मागच्या खोलीत चूल पेटवत होती. वादळाने उतारावरच्या घरांचे पत्रे नेले होते, विजेचे खांब आडवे केले होते. त्यांचं छप्पर वाचलं, पण परसातलं आंब्याचं झाड मुळासकट पडलं. तेच आता जळण होतं. ओलं लाकूड, नुसता धूर. वीज नाही, त्यामुळे विजेची शेगडी कोपऱ्यात. गॅस वादळाच्या दुसऱ्याच दिवशी संपला होता. आणि मिग्दालियाला लहानपणापासूनचा दमा. त्या आठवड्यात तिला दोनदा दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली होती.

“तू बाजूला हो, मी शिजवतो,” एलिएसेर म्हणायचा.

“मागच्या वेळी तू घेवडा शिजवलास, तो अजून माझ्या पोटात टणाटणा वाजतोय. आणि धूर काय, तू चुलीपाशी बसलास की घराबाहेर जातो?”

दोन खोल्यांचं घर. धूर सगळीकडे सारखाच.

म्हणून तिच्या बहिणीचा निरोप आला होता: ओल्गीनला ये, इथे वीज आहे. शनिवारी एक ट्रक तिकडे जाणार होता. मिग्दालियाने तपकिरी सुटकेस भरून दाराशी ठेवली होती. गॅस आला तर राहायचं, नाही तर जायचं. कधी परतायचं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. बेचाळीस वर्षांत ती दोघं एका आठवड्याहून जास्त वेगळी राहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी बातमी आली, गॅसची गाडी येते आहे. एलिएसेर रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकून गॅसच्या गोदामाकडे निघाला. चढ त्याने दोनदा थांबून संपवला. भिंतीच्या सावलीत तीस-चाळीस माणसं विखरून बसली होती.

“शेवटचं कोण?”

हात वर झाला तो मारूहाचा. त्याच्याच गल्लीतली, तिसऱ्या दारातली.

“मी रे. बस. मिग्दालियाचा खोकला कसा आहे? काल माझ्या घरापर्यंत ऐकू येत होता.”

“आज बरा आहे.”

“बरा कसला! तिला मध आणि कांदा दे.”

“मध कुठून आणू?”

“ते खरं. मग नुसता कांदा दे.”

“कांदा तरी कुठे आहे?”

दोघंही हसली. त्या हसण्यात दुसरा प्रश्न राहून गेला. सिलिंडर भिंतीला टेकवून एलिएसेर म्हणाला, “मी तिला जरा पाहून येतो,” आणि घरी गेला. मारूहाला तो तीस वर्षं ओळखत होता. ती रांग सोडून कुठे जाणार होती?

ती गेली. अर्ध्या तासाने कुणीतरी ओरडत आलं, खालच्या गल्लीत पाण्याचा टँकर लागला आहे. आठ दिवसांत पहिला. मारूहाने रिकामा सिलिंडर उचलला आणि ती पळतच सुटली. आपल्यामागे कोण आहे, हे सांगायला ती थांबली नाही.

एलिएसेर परतला तेव्हा गाडी आली होती आणि माणसं खरीखुरी रांग लावून उभी होती. मारूहा कुठेच दिसेना.

“मी मारूहाच्या मागे आहे,” तो म्हणाला.

“कोण मारूहा?” हातगाडीवाल्या एका तरुणाने विचारलं.

“ती माझ्या गल्लीतली. फुलाफुलांचा रुमाल बांधलेली.”

“रुमाल सगळ्यांनीच बांधलेत, कोंपाय. ती कुणाच्या मागे होती?”

रांगेतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. त्यात परवाच्या पावाच्या रांगेतली पुष्कळ होती.

“बघा रे बघा!” एक म्हातारी टाळी वाजवून म्हणाली. “मास्तरच नापास!”

“जाऊ द्या त्याला, म्हातारा माणूस आहे,” कुणीतरी म्हणालं.

“परवा त्याने नर्सला जाऊ दिलं का?”

नर्स तिथेच होती, हातगाडीवाल्याच्या पुढे. नोएमीने वर पाहिलं नाही. ती आपल्या सिलिंडरच्या तोंडावरची माती नखाने काढत होती.

“कुणाच्या मागे होती, ते मला माहीत नाही,” एलिएसेर म्हणाला आणि आपला सिलिंडर उचलून शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी ढकललं नाही.

गाडीत अठ्ठावन्न सिलिंडर होते. त्याचा नंबर चौसष्टावा आला.

घरी मिग्दालियाने सिलिंडरच्या आवाजावरूनच ओळखलं.

“संपले?”

“माझ्या पुढे पाच जण शिल्लक असताना.”

सुटकेसमधून काढलेला कंगवा तिने परत आत ठेवला.

दुपारी मारूहा बादलीभर पाणी घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. “माझंच चुकलं! टँकर म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पण तू सांगायचंस ना, मी नोएमीच्या मागे होते म्हणून! ती तर होती ना तिथे?”

“होती,” एलिएसेर म्हणाला.

“मग ती बोलली नाही?”

“नाही.”

“बाई आहे की कोण! मी आत्ता जाते आणि तिला...”

“तू कुठेही जाऊ नकोस,” एलिएसेर म्हणाला. “विचारायचं माझं काम होतं.”

शुक्रवारी पावाच्या रांगेत तो शेवटचा असताना नोएमी आली.

“शेवटचं कोण?”

त्याने हात वर केला.

“आणि तू कुणाच्या मागे?”

“त्या कुबडीवाल्याच्या.”

नोएमी त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

“मारूहा तुझ्यामागे होती,” तो म्हणाला.

“होती.”

“तू बोलली नाहीस.”

“नाही बोलले. त्या दिवशी घरी पोराला नुसतं उकडलेलं रताळं दिलं मी. ते डोक्यात होतं.”

एलिएसेरने मान हलवली. “तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.”

“ते मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग आला.” मग ती म्हणाली, “मिग्दालिया उद्या जाते म्हणे?”

“जाते.”

“दोनदा वाफ दिली मी तिला. ट्रकच्या धुळीत पाच तास बसवून कुठे नेतोस? माझ्याकडे भरलेला सिलिंडर आहे, पण मी रात्रभर दवाखान्यात आणि सकाळभर रांगांत असते. चूल रिकामी. तिने येऊन दोन्ही घरचं शिजवावं. तू माझा पाव आणि माझं पाणी बघ.”

“सिलिंडर लवकर संपेल.”

“संपू दे. पुढची गाडी येईल तेव्हा रांगेत तू असशील. मी झोपलेली असेन.”

उपकार असता तर त्याने नाही म्हटलं असतं. पण यात दोघांनाही काम होतं.

“तिला विचारतो,” तो म्हणाला.

मिग्दालियाने एकच विचारलं, “नोएमीच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का?” दोन होत्या. शनिवारी ट्रक तिच्याशिवाय गेला. सुटकेस मात्र आणखी चार दिवस दाराशीच होती. मग तिच्यातला टॉवेल लागला, मग चपला, आणि एक दिवस ती रिकामी होऊन पलंगाखाली गेली.

त्याच शनिवारी सकाळी दोन घरांची रेशनची पुस्तकं खिशात घालून एलिएसेर पावाच्या दुकानापाशी आला.

“शेवटचं कोण?”

“मी रे,” मारूहा म्हणाली. “बस.”

“आणि तू कुणाच्या मागे?”

मारूहाचा चेहरा पडला. “तीस वर्षं ओळखतोस मला!”

“ते ठीक आहे,” एलिएसेर म्हणाला. “कुणाच्या मागे?”