आधी घरधनिणीला विचारायचं

डायलिसिसच्या वॉर्डात किस्से का साठतात, सांगते. पेशंट चार तास मशीनला बांधलेला आणि आम्ही पेशंटला! कुणालाच उठून जाता येत नाही. मग बोलणं निघतं, आणि बोलता बोलता प्रत्येकाचं गाव निघतं. सौदीतल्या जिझानच्या त्या दमट उकाड्यात, दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत, मी अशी कितीतरी गावं ऐकली. बाकीची विसरले. हस्नाचं गाव मात्र अजून डोक्यातून जात नाही.

हस्ना इंडोनेशियाची. सुलावेसी बेटावरच्या कुठल्याशा खेड्यातली. माझ्याच शिफ्टला, माझ्यासारखीच स्टाफ नर्स होती. गाव नकाशात दाखव म्हटलं तर ती बोट ठेवायची आणि त्या बोटाखाली निम्मा जिल्हा झाकला जायचा. नवरा तापाने गेला, तेव्हा तान्ह्या मुलीला आईच्या हवाली करून ती इकडे आली होती. इंग्रजी, थोडं अरबी आणि बाकी हातवारे, एवढ्यावर आमचं सगळं छान चालायचं.

*

ती पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली तेव्हाची गोष्ट. बेल वाजली, सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दार उघडून या या केलं. ही जिन्यातच उभी. चपला हातात, मान खाली. त्याने पुन्हा बोलावलं, तरी हलेना. पुरुषमाणसाने दार उघडलं म्हणून बुजली असेल, असं समजून तो बिचारा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. तरी ही आपली जिन्यातच! शेवटी मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि "ये गं" म्हणाले, तेव्हा कुठे ती आत आली.

जेवताना उलगडा झाला. त्यांच्याकडे घरं उंच लाकडी खांबांवर असतात, शिडी चढून जायचं. शिडीखाली पाण्याचा रांजण. पाहुण्याने खाली उभं राहून हाक द्यायची, वरून "कुणाकडे आलात?" असं विचारतात, मग आपण सांगायचं. पाय धुऊन वर या, हे फक्त घरधनिणीने म्हणायचं. इतरांच्या बोलावण्याला अर्थ नाही.

"मग मी कोण?" सुधीरने विचारलं.

हस्नाने आमटी वाढून घेत शांतपणे सांगितलं, "तुम्ही इथे राहता."

*

एकदा तिने वॉर्डात एक फोटो आणला. फोटोत घर चाललेलं होतं. खांबांना आडवे बांबू बांधलेले, खाली गावातले सगळे पुरुष आणि त्यांच्या खांद्यावर अख्खं घर, छपरासकट! तिच्या गावात म्हणे जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं असू शकतं. जमीन विकली गेली, वाटण्या झाल्या, की घर उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचं. जमीन कुणाच्याही नावावर असो, घर बाईचं.

घराच्या मधोमध एक खांब असतो, त्याला ते घराची बेंबी म्हणतात. घर उचलताना घरधनिणीने वर बसून त्या खांबाला हात लावून ठेवायचा. हात नसेल तर गावातलं कुणी खांदा देत नाही. आणि जिचा हात, तिचं घर. एका बाईचा हात आयुष्यात एकाच घराला लागतो.

आमचा सगळ्यात जुना पेशंट अबू हादी हे मन लावून ऐकत होता. म्हातारा डोंगराकडचा, गवताच्या झोपडीत वाढलेला. बाई आत बसलेली असताना घर उचलता, म्हणजे तिचंही ओझं खांद्यावर घेता, हे काही त्याला पटेना.

"ती उतरली तर घर जास्त जड होतं," हस्ना म्हणाली.

म्हातारा इतका हसला की मशीनचा अलार्म वाजला.

*

मग मीही आमच्या गुहागरकडची गोष्ट सांगितली. माझ्या दोन भावांनी माहेरचं घर वाटून घेतलं, तेव्हा माजघरात मधोमध भिंत घातली. पंखा थोरल्याकडे गेला आणि त्याचं बटण धाकट्याकडे! अबोला असल्यामुळे दोन उन्हाळे पंखा फिरलाच नाही. सगळे हसले. अबू हादीने तर शेजारच्या पेशंटला पुन्हा सांगून दाखवलं.

हस्ना हसली नाही. तुझी बाजू कुठली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी हक्कसोड करून दिली, आमच्याकडे बहिणी देतातच. भावांनी साडी दिली, चांगली होती.

तिने सलाईनची नळी नीट केली. मग म्हणाली, "मग तू माहेरी जातेस तेव्हा वर यायचं कुणाला विचारतेस?"

 त्या दिवशी घरी जाऊन मी उगीचच सुधीरवर चिडले.

*

पुढे हस्नावरच पाळी आली. तिचं घर उभं होतं ते दिराच्या जमिनीवर आणि दिराने जमीन विकली. घेणाऱ्याला लागवड करायची होती, घर लवकर हलवा म्हणाला. नाही हलवलं तर तो ते मोडून लाकूड बाजूला काढणार होता. आईने आपली थोडी जागा घरासाठी देऊ केली. गाव खांदा द्यायला तयार होतं. फक्त हस्नाचा हात हवा होता.

तिने रजेचा अर्ज टाकला. वॉर्डात स्टाफ कमी, त्यामुळे परत यायच्या व्हिसावर सही होईना. रोज एकच उत्तर, बुकरा, म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडेना. अबू हादी यायचा तो आधी तिलाच विचारायचा, घर हललं का? एकदा तर त्याने इनचार्जला बोलावून घेतलं. "या पोरीला जाऊ द्या. मी पाणी कमी पितो, माझं एक डायलिसिस चुकलं तरी चालेल." इनचार्ज चांगला माणूस होता, पण सही त्याच्या हातात नव्हती.

आईला बसवता येईना, तिचा हात केव्हाच तिच्या स्वतःच्या घराला लागलेला. उरली मुलगी. ती नुकती शाळेत जायला लागली होती. हस्नाने फोनवर सांगितलं, तिला बसवा.

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, तुझीच तर मुलगी, घर घरातच राहिलं की. ती म्हणाली, "सिस्टर, ती फोनवर आजीला विचारते, ही बाई कोण."  इतक्या वर्षांची ड्यूटी, एकेक फळी त्या पगारातली, आणि जिला आपण आठवतही नाही तिच्या हातात ती हे सगळं देऊन टाकत होती. मला फार वाईट वाटलं.

घर हलवलं तेव्हा आम्ही ड्यूटीवर होतो. अबू हादीच्या उशाशी मोबाईल स्पीकरवर ठेवला. पलीकडे गलका, कुणीतरी आकडे मोजत होतं, मग एकदम सगळ्यांचा हुंकार आणि लाकडाची करकर. म्हाताऱ्याने सुई नसलेला हात वर धरला, जणू तोही खांदा देत होता. घर चालायला लागलं आणि फोनकार्ड संपलं.

हस्नाने मोबाईल खिशात टाकला आणि पुढच्या पेशंटचं ड्रेसिंग बदलायला गेली.

*

तिला रजा मिळाली ती पुढच्या वर्षी. परत आली त्या दिवशी अबू हादी खुर्चीत बसायच्या आधीच विचारू लागला, काय झालं, गेलीस ना घरी?

हस्ना हातमोजे चढवत सांगत होती. बस लवकर पोचली. आई बाजारात गेलेली. घर नव्या जागी छान बसलं होतं, शिडीही तीच. वर दारात मुलगी उभी. हस्ना शिडीखाली थांबली. चपला काढल्या आणि रीतीप्रमाणे हाक दिली, वर येऊ का?

मुलीने तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"कुणाकडे आलात?"

"घरधनिणीकडे," हस्ना म्हणाली.

"ती मीच. पाय धुवा आणि वर या."