अडुळशाला दिलेलं आवतन

किसनरावांची नात प्रेरणा जर्मनीला गेली, हे ठाऊक नसलेला माणूस मारेगावच्या बाजारात शोधूनही सापडायचा नाही. किसनरावांनी कोणाला सोडलंच नव्हतं! गावच्या शाळेतली पोरगी, यवतमाळला औषधशास्त्र शिकता शिकता थेट तिकडच्या प्रयोगशाळेत, झाडपाल्यात औषध नेमकं कुठं दडलेलं असतं ते शोधायला. काम मिळालं अडुळशाचं.

"इतक्या दूर जाऊन अडुळसा? तो तं आपल्या कुंपणाले आहे वं!" आजी शकुबाई म्हणाली होती.

आता या घरची रीत अशी, की औषधाचं पान असंच ओरबाडत नाहीत. आदल्या सांजेला पानाला हळदीचं बोट लावायचं, हात जोडायचे, "उद्या येतो, दुखणेकऱ्यासाठी चाल" असं आवतन द्यायचं आणि सकाळी तोडायचं. प्रेरणानं तिकडच्या काचघरातल्या अडुळशालाही तेच केलं. मग पानं धुतली, वाळवली, अर्क काढला.

एका सांजेला फोनवर तिचा चेहरा उतरलेला दिसला.

"आबा, मले परत पाठवतीन."

"काहून वं?"

झालं असं, की अर्काचा थेंब, त्यातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर सुटे करणाऱ्या पट्टीवर चढवून जांभळ्या दिव्याखाली धरला, तर अडुळशात कधी कोणी न पाहिलेला पिवळा पट्टा झगझगला. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम खुर्चीतून उठल्या. नवा पदार्थ सापडला म्हणून सारे गोळा झाले. प्रेरणाला मात्र रात्री अंथरुणात उमगलं, ती आपली हळद!

"मंग सांगतलं?"

"नाही. उद्या मॅडम साऱ्यांसमोर मांडून राह्यल्या."

"हळदीनं कोणाचं वाईट झालं काय?" आतून शकुबाई.

किसनराव म्हणाले, "सांगून टाक माय. हाकललं तं ये घरी. घर काई पळून नाही चाललं."

दुसरा अख्खा दिवस त्यांनी कोणाला एक गोष्ट सांगितली नाही. शेजारची वच्छलाबाई येऊन विचारून गेली, "भाऊ, ताप आला काय?"

सांजेला फोन आला. प्रेरणानं सगळं सांगून टाकलं होतं. मॅडमनी दुकानातून हळद आणवली आणि अर्काशेजारी चढवली. दोन्ही पट्टे एकाच उंचीवर!

"बोटभर हळद, तीही धुतलेली! आणि दिव्यानं धरली?" किसनरावांनी कपाळाला हात लावला. "मंग मॅडम?"

"आधी दोन्ही पट्टे पुन्हा पाह्यले. मंग म्हणे, नमुना फेक, पुन्हा कर. आवतनाचं सारं इचारलं. म्हणे, झाडानं होकार देल्ला का? मी म्हणलं, नाही तं म्हणलं नाही. लय हसल्या. म्हणे, यापुढं दुरूनच बोलाव."

"म्हणजे राह्यली तू?"

"राह्यली, आबा."

तिनं फोन फिरवला. काचेच्या भिंतीबाहेर बर्फ भुरभुरत होता आणि आत अडुळसा, पांढऱ्या फुलांनी लगडलेला. किसनरावांनी फोन डोळ्यांजवळ धरला. शकुबाईनं फोन ओढून घेतला.

"वं पोरी, शेंड्याची पानं नको तोडू. कोवळी आहेत ती."