केबिनमधून बोलावणं

आमच्या ठाण्याच्या कॉलेजात प्रिन्सिपल खाली बसायचे आणि संस्थेचे अध्यक्ष वरच्या मजल्यावर. वर गालिचा होता, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. त्यावरून आत कोण आहे ते आम्ही ओळखायचो. युनियनच्या पोरांचे बूट दिसले की संप बारगळला समजायचं. सीनियर मुली सांगायच्या, प्रिन्सिपल बोलावतात तेव्हा आपली चूक असते, अध्यक्ष बोलावतात तेव्हा त्यांचं काम असतं.

टीवायला असताना नोटीस बोर्डावर कमी हजेरीवाल्यांत माझं नाव लागलं. म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. कळव्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळ्याच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. हे वर्ष गेलं असतं तर पुढचं मिळालं नसतं, लग्नच लागलं असतं. आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव बोर्डावर नव्हतं. आम्ही बसायचो बरोबर, दांड्या मारायचो बरोबर.

"तुझं वर काहीतरी शिजतंय गं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात वरून बोलावणं आलं. अध्यक्ष "ये बाळ, बस" म्हणाले, तिथेच मी सावध झाले.

"स्नेहसंमेलनाला मंत्री येणार आहेत. आपल्याकडे दरवर्षी कोळीनृत्य होतं, पण त्यात अस्सल कोणी नसतं. तू पुढे उभी राहिलीस तर शोभा येईल. लुगडं, टोपली घरचीच असेल ना?"

"मी नाचत नाही, सर."

"अगं, तुमच्या रक्तातच असतं ते."

"रक्ताचं माहीत नाही. माझं इकॉनॉमिक्स आहे."

ते हसले. पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुझ्या हजेरीचा काही घोळ आहे ना? तेही बघू."

मी तर हजेरीचं काही बोललेच नव्हते. एवढ्या पोरांतून माझीच हजेरी यांना कशी ठाऊक?

"नाचले नाही तर हजेरीचं कोण बघणार, सर?"

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"संबंध नसेल तर आत्ताच खाली फोन करा. माझ्यासमोर पुन्हा मोजू देत. कमी भरली तर मी गप घरी बसेन."

त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग फोन उचलला.

खाली क्लार्कने मोजली. पुरेशी भरली. "एक महिना धरायचा राहिलेला," तो मान वर न करता म्हणाला. तो महिना माझाच का राहिला, ते कोणी सांगितलं नाही. मी मैत्रिणीला म्हटलं, चूक अशी नाव बघून होत नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाचाला काय झालं? हलदीला नाचतंस नं?"

"हळदीला कोण हजेरी घेत नाही, आये."

तिला ते पटलं. "मंग पेपर होईपर्यंत त्या माणसाच्या समोर जाव नको."

नाच झाला, दुसऱ्याच मुली नाचल्या, मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे हॉल तिकीट हातात आलं, तेव्हा मागे लाइन खोळंबलेली असतानाही मी नाव, नंबर आणि एकेक विषय तिथेच उभं राहून वाचला. मगच सही केली.