नमुन्याची सही

पेंटरचा भत्ता बंद झाला तो कुणाला काही न सांगता-सवरता. पाच तारखेला तो बँकेत गेला, पासबुक मशीनमध्ये सरकवलं, मशीनने घरघर केली आणि पुस्तक जसंच्या तसं परत दिलं. त्याने पुन्हा सरकवलं. मागचा माणूस खाकरला. "अहो, जे छापायचं ते छापून झालंय तिचं," तो म्हणाला. छापण्यासारखं काही आलंच नव्हतं.

भत्ता देणारं हे सरकारी खातं तसं पहिल्यापासूनच विसरभोळं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाच महिन्यात भत्ता दोनदा जमा केला आणि चूक लक्षात आल्यावर पुढे दोनदा कापून घेतला. तो जास्तीचा कापलेला हप्ता अजून परत यायचाच होता. त्यामुळे पेंटर घरी येऊन हसतच बायकोला म्हणाला, "टाकला असेल दुसऱ्याच कुणाच्या खात्यात. येईल फिरून." ती हसली नाही. हातातल्या शर्टाचं काज तिने वाकडं कापलं, आणि असं तिच्या हातून कधी होत नसे.

त्याला पेंटर म्हणत, पण पाटी रंगवून त्याला नऊ वर्षं झाली होती. एका दोनमजली दुकानाची पाटी रंगवताना परांचीचा दोर सुटला आणि तो उजव्या खांद्यावर पडला. खांद्यातल्या नसा तुटल्या. हात राहिला, पण नुसता सोबतीला. चालताना तो लोंबकळू नये म्हणून पेंटर रोज सकाळी तो डाव्या हाताने उचलून जाकिटाच्या खिशात ठेवी, आणि दिवसातून दहादा बाहेर घसरला तर दहादा स्वतःच परत ठेवी. बायकोने एकदा मदतीला हात पुढे केला होता तेव्हा तो असा काही खेकसला की पुन्हा तिने त्या खिशाचं नाव काढलं नाही.

माणूस मानी, आणि मानी माणसाला जपायला एक तरी गोष्ट लागतेच. पेंटरची गोष्ट अशी होती, की भत्ता त्याने मागितलेला नव्हता. वॉर्डात पडलेला असताना कुणीतरी फॉर्म आणून दिला होता, तर तो त्याने चुरगाळून कॉटखाली फेकला होता. "मी अपंग नाही. हात परत येणार आहे," म्हणाला होता. हात काही आला नाही. भत्ता मात्र तीन महिन्यांनी आपोआप सुरू झाला. डॉक्टरांनीच परस्पर कागद पाठवले असणार, असं त्याने ठरवून टाकलं. नऊ वर्षं तो लोकांना छातीवर हात ठेवून सांगत आला होता, "मी मागितलं नाही. त्यांनी दिलं." दर वर्षी हयातीचा फॉर्म येई, त्यावर तो सही करी. डाव्या हाताला त्याने स्वतःच अक्षरं शिकवली होती, आणि आता तो हात दुकानांच्या किमतीच्या चिठ्ठ्या अशा लिहायचा की साबण घ्यायला आलेलं माणूस चिठ्ठी वाचत उभं राही.

बायको घरी बसून शिवणाऱ्यांची काजं-बटणं करायची. बटणांचे डबे तिने भिंतीपाशी रचले होते, आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरात नाव. तिची लिहायची तऱ्हाच न्यारी. ती आधी डोक्यावरची रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. अक्षरं संपली तरी रेघ बोटभर शिल्लक उरायची. पेंटर त्यावरून तिला पिडायचा. "किती दोरी वाया घालवतेस! एवढ्यात अजून एक सदरा वाळला असता." ती म्हणायची, "माझी दोरी, माझे कपडे. तुम्हाला काय त्याचं?"

आठव्या दिवशी पत्र आलं. अर्जदाराची सही मूळ नमुन्याशी जुळत नाही. दुसरीच व्यक्ती भत्ता उचलत असल्याची शक्यता आहे. पंधरा दिवसांत समक्ष हजर राहावे, अन्यथा प्रकरण बंद करून आजवर दिलेली सर्व रक्कम वसूल करण्यात येईल. पेंटरने ते दोनदा वाचलं. आजवर दिलेली म्हणजे नऊ वर्षांची. खोलीचं भाडं त्या भत्त्यातूनच जात होतं, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकाने आदल्याच दिवशी जिन्यात अडवून सांगितलं होतं, "हा महिना थांबतो. पुढच्या महिन्याला मात्र दुसरी जागा बघा."

"मला चोर ठरवतात!" पेंटर भडकला. "माझी सही माझ्याशी जुळत नाही म्हणे!"

"मी जाऊन येते," बायको घाईने म्हणाली. "तुम्ही कशाला दगदग करता? मी सांगते त्यांना समजावून."

"समक्ष म्हटलंय. समक्ष म्हणजे मी."

"अहो, पण तुमचा स्वभाव. काहीतरी बोलून बसाल."

"बोलणारच!"

त्यानंतरचे चार दिवस ती धड जेवली नाही. पेंटरला वाटलं, भाड्याची काळजी. तो टेबलाशी बसून सहीचा सराव करत होता. कागदामागून कागद, सगळ्या सह्या एका साच्यातून काढल्यासारख्या. तिने एकदा त्या कागदांकडे पाहिलं आणि उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

कार्यालयात खिडकी क्रमांक चारपुढे त्यांचा नंबर दुपारी लागला. बायको हट्टाने सोबत आली होती, ती त्याच्या मागे उभी राहिली. खिडकीतल्या बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "सही करा."

पेंटरने केली. डौलदार, वळणदार, शेवटी एका झटक्यात ओढलेली रेघ. पाटीवर शोभली असती.

बाईंनी ती फाइलशी धरून पाहिली आणि मान हलवली. "हीच तर अडचण आहे. दर वर्षीच्या फॉर्मवर हीच सही आहे. पण पहिल्या अर्जावरची, नमुन्याची, वेगळीच आहे. इतकी वर्षं कुणी ताडून पाहिलं नाही. आता कॉम्प्युटर ताडतो."

"पहिला अर्ज? मी कुठे केला होता पहिला अर्ज?" असं तो बोलणारच होता. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात बाईंनी फाइल त्याच्याकडे फिरवली. "बघा. ही तुमची आहे?"

कागद चुरगाळून पुन्हा सपाट केलेला होता. सुरकुत्या दिसत होत्या. खाली त्याचं नाव, थरथरत्या अक्षरांत, आधी ओढलेल्या रेघेला टांगलेलं. आणि नावाच्या पुढे बोटभर रिकामी रेघ.

कॉटखालून वेचलेला फॉर्म. वॉर्डाच्या बाहेर कुठल्यातरी बाकावर बसून तिने केलेली सही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पण तिचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं.

बाईंनी फाइल मिटली. "तुमची नसेल तर तसं सांगा. मग मी इथे काही करू शकत नाही, प्रकरण चौकशीला जाईल. ज्याने केली असेल त्याच्यावर गुन्हा दाखल होईल."

त्याला राग आला, आणि तो खरा होता. नऊ वर्षं आपण गावभर काय सांगत हिंडलो! जिने मागितलं ती घरात काजं करत ऐकत बसायची. लाज वाटली त्याला, कानापर्यंत. पण लाजेला बसवून ठेवायला आत्ता जागा नव्हती.

"माझीच आहे," पेंटर म्हणाला.

"मग करून दाखवा. तीन वेळा."

"नमुना बघू का पुन्हा?"

"स्वतःची सही बघून करतात का कुणी?"

पाट्या रंगवायच्या दिवसांत गिऱ्हाईक आपल्या बापाने लिहिलेलं नाव चिठोऱ्यावर आणायचं आणि म्हणायचं, जसंच्या तसं पाटीवर पाहिजे. पेंटर एकदा बघायचा आणि चिठोरं परत द्यायचा. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. पण ते उजव्या हाताने, आणि तेव्हा चुकलं तर टर्पेंटाइनने पुसता येत होतं. त्याने पेन उचललं. घाम डोळ्यात उतरला, तो पुसायला दुसरा हात नव्हता.

आधी रेघ. मग पहिलं अक्षर, किंचित खाली सरकलेलं, कारण ती घाबरली की तिचं अक्षर खाली सरकतं. मग दुसरं. वेलांटी तुटकी. शेवटी बोटभर दोरी तशीच सोडून दिलेली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पेन मधेच अडखळलं, त्याने ते उचललं नाही, तसंच पुढे नेलं.

बाईंनी फाइल उघडली. बराच वेळ कागदावरून नजर खाली-वर फिरत राहिली. "जुळते," त्या शेवटी म्हणाल्या. मग भुवई उंचावून, "पण मग दर वर्षीची?"

"तीही माझीच, तुमच्यासमोर केली ना आत्ता? हात नुकताच गेला होता तेव्हाची ही अशी. मग डाव्या हाताला वळण लागलं."

"वळण तर छानच लागलंय. इतका चालतो हात, तर भत्ता कशाला हवा?"

पेंटरने डाव्या हाताने खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. तो तिथे पडून राहिला. बाईंनी नजर वळवली, शिक्का उचलला आणि वसुलीच्या पत्रावर 'रद्द' असा उमटवला.

"पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, थकलेल्यासकट," त्या म्हणाल्या. "आणि दोन वर्षांपूर्वीचा एक हप्ता तुमचाच आमच्याकडे निघतोय, तोही टाकते. आता नवा नमुना देऊन टाका, म्हणजे पुन्हा हा घोळ नको."

नव्या फॉर्मवर सहीच्या वर एक ओळ छापलेली होती: मी अपंग असून मला हा भत्ता मिळावा, ही विनंती. पेंटरने ती आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचली. मग खाली सही केली, स्वतःची.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. बायको दोन पायऱ्या मागे थांबली.

"तुम्ही फेकला होता तो फॉर्म," ती म्हणाली. "हॉस्पिटलचं बिल दारात होतं. मी काय करणार होते?"

"सांगायचंस तरी."

"कशी सांगणार? भत्ता आला त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा ताठ बसला होतात. त्यांनी दिला म्हणून."

जाकिटाबाहेर राहिलेला उजवा हात मांडीशी लोंबत होता.

"रागावलात?" तिने विचारलं.

"हो. भांडायचंय मला. घरी गेल्यावर भांडू, सावकाश." तो तिच्याकडे वळला, अगदी जवळ येऊन उभा राहिला. "आधी माझा हात खिशात ठेव."