ढोकवाडीची तुटलेली रेघ

सिरसाळ्यातल्या किराणा दुकानदाराची मुलगी ईश्वरी संख्याशास्त्र शिकली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाटबंधारे खात्याच्या एका लहान कचेरीत संगणक आला, तेव्हा त्याच्यापुढं तिलाच बसवलं. नदीच्या पातळीचे आकडे भरायचे आणि आलेख काढायचे, हे तिचं काम.

त्या सप्टेंबरात परतीचा पाऊस थांबेचना. नदीवर पातळी मोजायच्या दोन पट्ट्या होत्या. वरच्या पट्टीचे आकडे बिनतारी यंत्रावरून येत होते. खाली ढोकवाडीजवळच्या पट्टीवरचे आकडे मुंजाजी बघून कळवायचा. सकाळपासून यंत्रावर त्याचा आवाज बंद होता.

दुपारी उपअभियंता कल्याणराव तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. पडद्यावर ढोकवाडीची रेघ मध्येच तुटली होती. संगणकाला सांगितल्यावर त्यानं आधीचा हलका चढ तसाच पुढं ओढून रिकामी जागा भरली. पाणी धोक्याच्या खुणेखालीच दिसत होतं. साहेबांनी सुटकेचा सुस्कारा सोडला.

ईश्वरीला ते पटेना. तिनं वरच्या पट्टीची रेघ त्यावर चढवली. ती सरळ उभी चढली होती. मग तिनं जुन्या पुरांचे आकडे काढून दोन्ही पट्ट्यांचे ठिपके एकत्र मांडले. वर पाणी चढलं की काही तासांनी खाली त्याहून जास्त चढायचं, कारण मध्ये ओढा मिळत होता. त्या हिशेबानं तिनं रिकामे तास पुन्हा भरले. रेघ संध्याकाळच्या आत धोक्याच्या वर गेली.

तेवढ्यात वीज गेली. संगणक बॅटरीवर आला आणि टीं टीं करू लागला.

“हा आकडा कुनी मोजलाय?” कल्याणरावांनी विचारलं.

“कुनीच न्हाई साहेब. अंदाज हाय.”

“गेल्या साली अंदाजावरच गाव उठवलं. पानी आलंच न्हाई, लोकांच्या घरातली भांडी मातर चोरीला गेली. आता कोन ऐकंल माझं?”

“मी चुकू शकते,” ती म्हणाली. “पन पानी कमी असंल, तर मुंजाजी कावून गप हाय?”

कल्याणरावांनी तहसीलला फोन लावला. पडदा काळा झाला, तेव्हा ते अजून फोनवरच होते.

तहसीलची जीप ढोकवाडीकडं गेली. निरोप येईना. ईश्वरी व्हरांड्यात उभी राहिली, खाली बसवेना. दिवस मावळताना कळलं की लोक टेकावरच्या शाळेत पोचले, आणि पाठोपाठ खालच्या आळीत पाणी शिरलं. मुंजाजी दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाच्या झाडावर सापडला, गारठलेला, पण जिवंत. त्याचं यंत्र भिजून बंद पडलं होतं आणि पट्टी वाहून गेली होती. त्यामुळं पाणी नेमकं किती चढलं, हे कुणालाच कळलं नाही.

वरिष्ठांकडं पाठवायच्या अहवालात कोरी जागा नको, असं कल्याणराव म्हणाले. ईश्वरीनं आपले आकडे भरले, पण वेगळ्या रंगात, आणि खाली ‘अंदाज’ असं लिहिलं. कल्याणरावांनी ते पाहिलं आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात ती ढोकवाडीला गेली. खालच्या आळीतल्या छबुबाईच्या दोन शेळ्या वाहून गेल्या होत्या.

“लई उशिरा सांगितलं बाई तुमी,” छबुबाई म्हणाली.

ईश्वरीनं होकारार्थी मान हलवली आणि नवी पट्टी रोवायला आलेल्या माणसांना जागा दाखवायला नदीकडं उतरली.